तळ्याकाठचे लाल झिंगे

सकाळी सातला उज्ज्वलाताई नवागामच्या तळ्यावर पोहोचल्या, तेव्हा पोलीस जमादार भाईदासने राखणदार वाल्मिकला दंडाला धरून उभं केलं होतं.

काठ लाल झाला होता. नखाएवढे हजारो झिंगे मरून पडले होते.

उज्ज्वलाताई कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि तलाव समितीवर होत्या. समितीची पाहणी उद्याच होती.

"याच्या खोलीत विषारी मोरचुदाचं रिकामं पोतं सापडलं," भाईदास म्हणाला. "मासे मारून विकायचे असतील."

"मी काहीच करं नही, ताई," वाल्मिक पुटपुटला.

ताईंनी पाण्यात पाहिलं. मासे फिरत होते. एकही उलटा झाला नव्हता.

"पोतं कोणी दाखवलं?"

"योगेशभाईंनी."

योगेश तळ्याच्या सफाईचा ठेकेदार; पाणी शुद्ध व्हावं म्हणून त्यानेच तळ्यात रोपांचे तरंगते वाफे सोडले होते. शेडपुढे तो येरझाऱ्या घालत होता.

"हे झिंगे आधी पाहिले होते?" ताईंनी विचारलं.

"नाही बहेन. आजच."

"तरंगत्या वाफ्यांची रोपं कुठली?"

"नर्सरीतली."

"उरलेली कुठे आहेत?"

"शेडमध्ये. का?"

ताईंनी शेड उघडायला लावली. आत टबात रोपं होती. त्यांनी एका रोपाची मुळं पाण्यात झटकली. चार लाल झिंगे टुणकन उडाले.

भाईदास पुढे सरकला.

"हे तापीतले नव्हेत," ताई म्हणाल्या. "शोभेच्या टाकीतले, परदेशी. यांच्या पिल्लांना खारं पाणी लागत नाही, म्हणून बंद तळ्यातही वाढतात. तुम्ही रोपं शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलीत, मुळांतून हे आले. ठेक्यात नर्सरीचीच रोपं ठरली होती; उद्या समितीने हे पाहिलं असतं तर ठेका गेला असता."

"पोतं तर वाल्मिकच्या खोलीत होतं," योगेश म्हणाला.

"मासे हवे असलेला माणूस मासे जिवंत ठेवेल कशाला? थोड्या मोरचुदाने झिंगे मरतात, मासे तगतात. इथे कुणाला तरी फक्त झिंगेच नको होते. असा माणूस एकच. हे टब ज्याचे, तो."

योगेश पायरीवर बसला.

"वाटलं, मेल्यावर बुडतील," तो म्हणाला. "वाऱ्याने काठाला लागतील हे ध्यानातच आलं नाही. पोतं मीच ठेवलं."

भाईदासने वाल्मिकचा दंड सोडला. शेडमधली दोरी उचलून वाल्मिक घाटाकडे धावला. धुण्याचं गाठोडं घेतलेली एक बाई पायऱ्या उतरत होती.

"मावशी, पाणीले हात लावू नका," तो ओरडला आणि घाटाची वाट अडवायला पहिल्या खांबाला दोरी बांधू लागला.