शांघायहून आलेला डबा

जेवणं आटोपली होती. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, अकरा वाजून गेलेले, आणि इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये संध्याकाळपासून बर्फ पडत होता. चंद्रशेखरकाकांनी मागच्या आठवड्यात आमच्याकडे डब्यातून चिवडा पाठवला होता. तो डबा नेत्रानं, म्हणजे माझ्या बायकोनं, धुऊन दाराशी त्यांच्या बुटांजवळ ठेवला.

"काका, तुमचा डबा ठेवलाय हं, विसरू नका."

"काय घातलंयस त्यात?"

"काही नाही. रिकामाच आहे."

काकांचा चेहरा उतरला. "चिमूटभर साखर तरी घाल, बाई."

"सीरियसली, काका?" मला हसू आलं. "तुम्हाला डायबेटिस, आणि साखर?"

"हस लेका. रवींद्रही असाच हसायचा." काका पुन्हा सोफ्यावर टेकले. "बसा जरा. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या शेजाऱ्याची आहे."

रवींद्र आणि त्याची बायको रत्ना काकांच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मूलबाळ नव्हतं. नव्या शहरात गेलं की रत्नाला आधी तिथलं झू बघायचं असायचं, मग मत्स्यालय. बाकी शहर राहिलं तरी चालेल! चीनमध्ये जाऊन पांडा बघायचा तिचा फार जुना बेत होता. तो राहूनच गेला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

"पुढच्याच वर्षी कंपनीनं त्याला सहा महिने शांघायला पाठवलं," काका सांगू लागले. "आठवडा कामात जायचा, पण रविवार खायला उठायचा. मग हा तिच्या वाटचं सगळं एकटाच बघत सुटला. एका रविवारी पांडा, एका रविवारी पेंग्विन. नंतर नंतर दर रविवारी मत्स्यालयच. बरोबर तिच्या लग्नातला पेढेघाटी डबा, आणि त्यात स्वतः थापलेलं थालीपीठ. जाड, कडेनं करपलेलं. कायम करपायचं त्याचं. तव्यापाशी उभं राहून भलतंच काहीतरी आठवत बसणार, दुसरं काय!"

त्या मत्स्यालयात एक लांबच लांब काचेचा बोगदा होता. डोक्यावरून शार्क जायचे. बोगदा संपला की जेलीफिशची टाकी आणि समोर बाक. त्या बाकावर दर रविवारी एक म्हातारी बाई बसलेली असायची. एकटीच. तिची भाषा याला येत नव्हती, म्हणून हा आपला मराठीतच बोलायचा. रत्नाबद्दल. ती ऐकून घ्यायची.

"इतकं कोणी ऐकलंच नव्हतं रे त्याचं. इथे सगळेच घाईत. शेवटच्या रविवारी त्यानं डबाच तिच्या हातात दिला. आपण म्हणतो ना, तसं म्हणाला, 'राहू द्या, डब्याची घाई नाही. फक्त रिकामा पाठवू नका, आमच्यात तसं करत नाहीत.' गंमत केली हो. तिनं मान डोलावली."

"कळलं तिला?" नेत्रानं विचारलं.

"कोण जाणे. बाहेर पडताना दाराशी गार्ड भेटला. त्यानं फोनवर काहीतरी टाइप केलं आणि इंग्लिशमध्ये करून दाखवलं. 'सर, तुम्ही दर रविवारी त्या बाकावर एकटेच का बोलत बसता?'"

बाहेरून बर्फ काढणारा ट्रक रस्ता खरवडत गेला.

"डलेस विमानतळावरून मीच त्याला घरी आणलं. अशीच रात्र होती. सहा महिने बंद घर. किल्ली माझ्याकडे, अलार्म चालू. त्यानं किचनचा लाइट लावला... आणि थांबला."

"काय झालं?"

"ओट्यावर डबा."

"कुठला डबा?"

"तोच. झाकणावर 'रत्ना' कोरलेलं."

नेत्रानं चमकून दाराकडे पाहिलं. "काका, पण या डब्यावरसुद्धा..."

"ऐक. मी म्हटलं, रवी, हात लावू नकोस. त्यानं उघडला. वाफ आली. आत एक थालीपीठ. पातळ. खरपूस. वर थापताना उमटलेली बोटं. चार. त्यातलं एक... आखूड."

काकांनी करंगळीशेजारचं बोट वर केलं. "रत्नाचं हे बोट लहानपणी दारात सापडलं होतं. अर्धंच होतं."

"मग... खाल्लं त्यांनी?"

"सगळं. उभ्याउभ्या. रडत होता आणि खात होता. मला तुकडासुद्धा दिला नाही. मग डबा धुतला. पुसला. म्हणाला, 'शेखर, हा आता रिकामा कसा पाठवू?' मी घरी गेलो. सकाळी हाका मारल्या... खुर्चीत होता. हार्ट, म्हणाले. परातीत भाजणी भिजवलेली. थापायची राहून गेली. डबा ओट्यावर... रिकामा."

काकांनी दाराशी ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं.

"डबा मी आणला. पण रिकामा ठेवायचा धीर होत नाही. म्हणून कोणाकडे ना कोणाकडे भरून पाठवतो. येताना भरून येतो. आजवर आला."

नेत्रा उठली. "सॉरी काका. घालते मी साखर." तिनं दाराशी जाऊन डबा उचलला. आणि तशीच उभी राहिली.

"ऋषी... तू यात काही घातलंस?"

मी जागचा हललोच नव्हतो.

तिनं डबा टेबलावर ठेवला. हात झटकला. झाकण गरम होतं.

काकांनीच उघडलं.

दोन थालीपिठं होती. वरचं पातळ, चार बोटांतलं एक आखूड. खालचं जाड... कडेनं करपलेलं.