चौथा डेस्कटॉप

"माझ्या जावयानं माझ्या धाकटीला मारलंय," आई म्हणाली. "तेवढं सिद्ध करून द्या."

खाजगी तपासाचं काम करणाऱ्या वहिनींनी तिला पाणी दिलं. त्यांचे दीर, ज्यांना आळीत सगळेच भावोजी म्हणत, वही उघडून बसले.

"पोलीस आत्महत्या म्हणतायत ना?" वहिनींनी विचारलं.

"म्हणू देत. मोटार तोच चालवत होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्यामुळंच पोरीची मान मोडली. तेव्हापासून पट्टा लावून बसलेली असायची. मान एक इंच वळायची नाही. थोरलीला मीच नोकरी सोडायला लावली, बहिणीचं करायला. लग्न ठरलं होतं तिचं. म्हटलं, रक्तापेक्षा लग्न मोठं का?"

"थोरली काय म्हणाली?"

"काय म्हणायचंय? आली."

धाकटी घरबसल्या चित्रपटांची उपशीर्षकं लिहीत असे. परवा दुपारी दुधातून झोपेच्या गोळ्यांची पूड पोटात गेली आणि ती टेबलावरच संपली. समोरच्या लॅपटॉपवर शेवटची चिठ्ठी होती.

फौजदारांनी धाकटीच्या खोलीत, त्याच टेबलापाशी फोटो दाखवला. धाकटीचा उजवा गाल टेबलावर टेकलेला, तोंड खिडकीकडे, गाढ झोपल्यासारखं. मानेचा पट्टा मांडीवर.

"शांत गेली हो," भावोजी हळहळले.

वहिनी फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चिठ्ठी वाचली. 'या मानेला मी कंटाळले. माझ्यापायी ताईचं आयुष्य वाया गेलं. तिचे उपकार फेडता येणार नाहीत.'

"हा एवढासा पडदा?" भावोजी म्हणाले. "तिकडं नवऱ्याच्या खोलीत तर तीन-तीन मॉनिटर आहेत."

"इकडंतिकडं वळून बघता येत नाही, असं म्हणणारी तीन मॉनिटरांचं काय करणार? हे बघा." वहिनींनी टचपॅडवर तीन बोटं सरकवली. पडदा बाजूला गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. "एकाच पडद्यावर चार डेस्कटॉप. पहिल्यावर चित्रपट आणि ही चिठ्ठी, दुसऱ्यावर शब्दकोश, तिसऱ्यावर टपाल. आणि चौथा..."

चौथा रिकामा होता.

"रिकामा आहे, म्हणजे काही नाही," भावोजींनी निकाल दिला.

"चार खोल्यांच्या घरात एक खोली झाडून पुसून मोकळी ठेवलेली दिसली, तर मी विचारीन की सामान कोणी हलवलं."

वहिनींनी पडदा चौथ्यावरच ठेवला आणि धाकटीच्या नवऱ्याला बोलावलं. तो घरूनच इमारतींचे नकाशे काढत असे. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता.

"दूध कोणी दिलं?"

"ताईंनी. नेहमी त्याच देतात. गोळ्यांची बाटली मात्र स्वयंपाकघरात असते, सगळ्यांच्या हाताशी. मी दारं लावून कामात होतो."

"ती चिठ्ठी जरा दाखवता?"

त्यानं रिकाम्या पडद्याकडं पाहिलं, दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या. "गेली कुठं? पुसलीत की काय तुम्ही?"

"राहू द्या."

मग थोरली आली. हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले.

"कंप्युटर येतो का तुम्हाला?"

"छे हो. मी फक्त धूळ पुसते त्याची."

"दूध देताना ती काय करत होती?"

"लिहीत होती. 'ठेव' म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही."

"चिठ्ठी तुम्ही पाहिलीत?"

"जावईबापू ओरडले तेव्हा."

"मला पुन्हा एकदा दाखवता?"

थोरली वाकली. तीन बोटं टचपॅडवर टेकली आणि सरकली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चिठ्ठी समोर आली.

"ही बघा," ती म्हणाली. डोळे भरून आले होते.

वहिनी बाहेर जाऊन शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर दोन मिनिटं बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी आईला, जावयाला आणि फौजदारांना आत बोलावलं.

"जिची मान इंचभर वळत नाही, ती गाल टेकून झोपेल कशी?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर सांगतात, मान कधीच बरी झाली होती. स्नायू चांगले वापरातले होते. धाकटी सोंग करत होती."

"काहीतरीच काय!" आई म्हणाली.

"मग मानेला कंटाळल्याची चिठ्ठी तिची नाही. ज्यानं लिहिली त्याला ताईच्या कष्टांची फार आठवण होती. चौथ्या डेस्कटॉपवरचं सगळं कुणीतरी पुसलं होतं. नवऱ्याला पडदा सरकवणंही माहीत नाही. आणि ज्यांना कंप्युटर येत नाही, त्यांनी चौथ्यावरून पहिल्यावरची चिठ्ठी न अडखळता काढून दिली."

भावोजींनी वहीत बघितलं. त्यांनी लिहिलं होतं : 'थोरली बिचारी. रडली.'

थोरली खुर्चीवर बसली. त्या घरात ती बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"धूळ पुसताना बोटं लागली," ती म्हणाली. "पडदा सरकून दुसरंच काहीतरी आलं. चौथ्या पडद्यावर चित्रफीत होती, नंतर मीच पुसली ती. ही याच खोलीत नाचत होती. मान अशी गरागरा फिरवून. आणि म्हणत होती, 'ताईला कळलं तर फुकटची बाई हातची जाईल.' मग चित्रफीत काढणारा हसला. ते हसू मी ओळखते."

आईनं जावयाकडं पाहिलं.

"मान बरी होऊन वर्ष झालं," जावई म्हणाला. "आमची आपली गंमत होती. आणि ताईंना तरी दुसरं काय होतं?"

आईनं त्याची कॉलर धरली. "याला धरा! यानंच केलंय हे सगळं!"

"हसण्याला कलम नाही, बाई," फौजदार म्हणाले.

"तीन वर्षं तिला अंघोळ घातली मी," थोरली सांगत होती. "एकदाही 'दमलीस का' म्हणाली नाही. चिठ्ठीत लिहायला बसले, तर उपकाराचं आपोआप आलं. कुणीतरी म्हणायला हवंच होतं ना."

वहिनींनी फोटो उलटा करून ठेवला.

"तू माझी कुणी नाहीस," आई थोरलीला म्हणाली. "तिनं सोंग केलं असेल, पण ती माझी होती."

थोरलीनं मान डोलावली. हे तिला नवीन नसावं.

महिला शिपाई तिला घेऊन निघाली. ती दारापर्यंत गेल्यावर जावयानं हाक मारली.

"ताई, एक मिनिट. त्या धुण्याच्या यंत्रात साबण किती घालायचा?"

भावोजींची मूठ वळली. वहिनींनी त्यांचा हात दाबून धरला.

थोरली थांबली. मागं वळली.

"अर्धं झाकण," ती म्हणाली. "आणि तुमचे पांढरे शर्ट वेगळे टाका."