बसलेला आवाज

दूध उतू चाललं होतं आणि तिचे दोन्ही हात लेकीच्या केसांतल्या फेसात होते. न्हाणीघरातूनच सासूबाईंना हाक मारायला तिने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा जोर लावला. पुन्हा हवाच.

गॅस सासूबाईंनी आपणहून बंद केला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांचं सगळं कानांवर आणि नाकावर चालायचं. दारात येऊन त्यांनी तिचे दोन-तीन प्रयत्न ऐकले.

"आवाज बसला वाटतं. बसणारच. काल दिवसभर गळा ताणलास."

"कुठे बसला?" फेसातून प्रश्न आला.

"काय गं?"

"आईचा आवाज. कुठे बसला?"

सासूबाई हसता हसता खोकल्या. तीही हसली, बिनआवाजाची. लेक मात्र हसली नाही. चार वर्षांची ती, एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. अंग पुसून झाल्याबरोबर भिंगरी जेवणाच्या टेबलाखाली वाकून पाहू लागली.

आवाज तिला, भिंगरीच्या आईला, नवव्या वर्षापासून पोसत आला होता. आधी दंतमंजनाच्या जाहिरातीतल्या दोन ओळी, मग कोरसमध्ये शेवटच्या रांगेत, आणि बाविसाव्या वर्षी एक गाणं असं लागलं की पुढची अकरा वर्षं तिला मागे वळून बघायला सवड झाली नाही. केशकर्तनालयात ती, लिफ्टमध्ये ती, दर तिसऱ्या माणसाच्या फोनमध्ये ती. चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. अल्बमच्या वेष्टणावर फुलं असायची, नाहीतर दुसऱ्याच कुणाचे डोळे. एकदा औषधाच्या दुकानात तिचंच गाणं मोठ्याने चालू होतं आणि दुकानदार तिला म्हणाला होता, "जरा मोठ्याने बोला ना ताई, गाण्यात ऐकू येत नाही." घरी येऊन तिने ते नवऱ्याला सांगितलं, तेव्हा दोघं पोट धरून हसली होती. नवरा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने तोही तिला ऐकूनच ओळखायचा.

म्हणून घरात आवाज जपून वापरायचा. भिंगरी महिन्याची होती तेव्हा मांडीवर थोपटता थोपटता तिने एक अंगाई जुळवली होती:

थांब गं भिंगरी, बस जराशी,
पानं निजली, निजली माशी.

दोन कडवी झाली, तिसरं राहिलं. मग रेकॉर्डिंगं पुन्हा सुरू झाली. लेक उशीला बिलगून म्हणायची, "गा ना," आणि ती म्हणायची, "आईचा आवाज दमलाय गं. उद्या." भिंगरीला मोजायला यायच्या आधी 'उद्या' म्हणायला येऊ लागलं.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. "स्वरतंतू स्वच्छ आहेत. सूज नाही, गाठ नाही. घर अगदी झाडूनपुसून तयार आहे, राहणारा तेवढा कुठे गेलाय." स्वतःच्या विनोदावर ते हसले आणि तीन आठवडे मौन लिहून दिलं. कुजबुजायचंही नाही.

तीन आठवडे. अल्बमची नऊ गाणी झाली होती, दहावं राहिलं होतं. संगीतकार तिला मुलीसारखं मानत, म्हणून त्यांनी समजुतीने घेतलं. "तीन आठवडे थांबतो. पण त्यापुढे माझ्या हातात नाही. एक नवी मुलगी ऐकलीय मी. हुबेहूब तुझ्यासारखी." वाईट आवाजाची मुलगी मिळाली म्हणाले असते तरी तिला इतकं लागलं नसतं.

भिंगरीचा शोध चालूच होता. सोफ्यामागे, कपाटात, पिठाच्या डब्यात. "आजी, इथे पण नाही बसला."

तिसऱ्या आठवड्यात स्टुडिओतून निरोप आला. ध्वनिमुद्रण करणारा माणूस तिच्या पहिल्या गाण्यापासूनचा. गाणाऱ्यांच्या या जगात आपण एकटाच ऐकणारा, असं म्हणायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कानसेन. भिंगरी पदर सोडेना, तेव्हा तिलाही घेऊन ती गेली.

तळघरातला स्टुडिओ. भिंतींना तपकिरी गालिचे, त्यांना जुन्या धुळीचा आणि तापलेल्या यंत्रांचा वास. काचेपलीकडे गाण्याची खोली. तिथे माइक आणि एक लाकडी स्टूल. स्टुलावर तिचा पाण्याचा थर्मास असायचा, ती कधीच बसायची नाही. लहानपणी गाणं शिकवणाऱ्या बाईंनी दटावून ठेवलं होतं, "उभ्याने गायचं. तू बसलीस की आवाज बसेल."

"बाई, तुमची जागा त्या दुसऱ्या मुलीला देणार म्हणून मी खोली तपासत होतो," कानसेन म्हणाला. त्याची एक सवय होती. कुठल्याही गाण्याआधी रिकाम्या खोलीची अर्धा मिनिट शांतता तो मुद्रित करून ठेवायचा. गाण्यात कुठे फट राहिली तर ती शांतता भरायला. "हे ऐका."

पंख्याची बारीक घरघर. वीजदिव्याची गुणगुण. मग, त्यांच्याखाली, कुणीतरी नाकाने श्वास घेतला. श्वासाच्या शेवटी टाळूला जीभ लागल्याचा बारीक आवाज.

"तुमचा आहे," कानसेन म्हणाला. "अकरा वर्षं प्रत्येक ओळीआधीचा कापून टाकतोय. मी ओळखणार नाही?"

तिने वहीत लिहिलं, 'जुना असेल.'

"कालचा आहे. खोलीला कुलूप होतं."

इतक्यात स्पीकरमधून भिंगरीचा आवाज आला. काचेपलीकडे ती केव्हा गेली ते दोघांनाही कळलं नव्हतं. माइक चालू होता. ती स्टुलासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"इथे बसलायस होय! अख्खं घर शोधलं मी." थोडं थांबून, लाडात, "चल ना घरी."

ती बाहेर आली तेव्हा तिची उजवी मूठ अर्धवट मिटलेली होती. मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर मिटते तशी. घरापर्यंत तिने ती उघडली नाही.

स्वयंपाकघरासमोरच्या बोळात वेताची एक खुर्ची होती. बूट घालायला बसण्याची, नाहीतर वाळलेले कपडे ठेवण्याची. त्या संध्याकाळी सासूबाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन चाचपडत आल्या आणि भिंगरी केवढ्याने तरी ओरडली, "आजी, नको ठेवू! तिथे तो बसलाय!"

"बरं बाई, बसू दे," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणा आहे तोवर मान द्यावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी निजायला गेली. ती स्वतः स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पाणी पीत होती. सासूबाई पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. बोळाच्या टोकाच्या खोलीतून गाणं आलं.

थांब गं भिंगरी, बस जराशी…

सासूबाईंचे हात थांबले. "आला गं बाई आवाज! किती दिवसांनी गातेय पोरीसाठी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. ती त्यांच्यापासून चार हातांवर होती. ओठाला पेला होता.

दुसरं कडवं संपलं. मग तिसरं सुरू झालं.

तिसरं तिने कधी जुळवलंच नव्हतं. ते पहिल्या दोन्हींपेक्षा चांगलं होतं.

ती खोलीत पोहोचली तेव्हा भिंगरी गाढ झोपली होती, अंगठा तोंडात, चेहऱ्यावर हसू. बोळातली खुर्ची पलंगाला टेकून होती. वेत एकेक करून कुरकुरत वर येत होता, कुणीतरी नुकतंच उठल्यासारखा.

भीती तिला नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर.

त्या संध्याकाळी संगीतकारांचा निरोप आला: उद्या शेवटचा दिवस. तिने डॉक्टरांचा नियम मोडला. भिंगरीला कुशीत घेऊन कानाशी कुजबुजली, "त्याला विचार, कधी उठणार?"

भिंगरी खुर्चीपाशी गेली. कान लावला. बराच वेळ मान डोलवत राहिली, आजीचं गाऱ्हाणं ऐकताना डोलवायची तशी.

"तो म्हणतो, इतकी वर्षं तोच उभा होता."

"मग?"

"आता तू बस म्हणतो. मग तो उठेल."

दुसऱ्या दिवशी लेकीला आजीपाशी ठेवून ती स्टुडिओत गेली. गाण्याच्या खोलीत शिरून तिने थर्मास खाली ठेवला. क्षणभर बाईंचं दटावणं आठवलं. मग काचेपलीकडे बाकावर बसलेली नवी मुलगी दिसली. हात मांडीवर, पाठ ताठ, तयार.

ती स्टुलावर बसली.

लाकूड कोमट होतं.

लाल दिवा लागला. कानांत तंतुवाद्यं सुरू झाली. चार मात्रा, आणि मग तिची ओळ. तिने श्वास घ्यायला हनुवटी उचलली.

ओळ सुरू झाली होती.

भरलेला, स्वच्छ, तिच्या बाविसाव्या वर्षाचा सूर. काचेपलीकडे संगीतकारांचे डोळे मिटले.

तिने घशावर हात ठेवला. घसा थरथरत नव्हता.

कानसेनने एकदा वर पाहिलं. तिच्या मिटलेल्या ओठांकडे. मग त्याने मान खाली घातली आणि गाणं संपेपर्यंत काही ती उचलली नाही.

"वा!" संगीतकार डोळे उघडत म्हणाले. "कुठे होतीस इतके दिवस?"

"घरीच होते की," उत्तर गेलं.

ते तिने दिलं नव्हतं.

घरी आली तेव्हा पाय शिशाचे झाले होते. बूट काढायला ती बोळात परत आलेल्या वेताच्या खुर्चीत बसली.

"आलीस?" सासूबाईंनी आतून विचारलं. "सुटला का घसा?"

"सुटला एकदाचा," स्वयंपाकघरातूनच कुणीतरी म्हणालं. "चहा टाकते. तुम्ही बसा."

"बघ, घरात कसं भरल्यासारखं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

तिने हात टेकून उठायचा प्रयत्न केला. वेत कुरकुरलासुद्धा नाही.

हाक मारायला तोंड उघडलं. हवाही आली नाही.

आत कपबशा वाजत होत्या. कुणीतरी गुणगुणत होतं, बस जराशी, बस जराशी. सासूबाई वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून बोळात आल्या, भिंत चाचपत. खुर्चीपाशी थांबून वाकल्या. भिंगरीचा फ्रॉक तिच्या मांडीवर येताना तिने पाहिला. त्याचं वजन लागलं नाही.

भिंगरी खोलीच्या दारात उभी होती. आज ती ओरडली नाही. हळूच जवळ आली आणि तिने आजीचा पदर ओढला.

"आजी, नको ठेवू. तिथे आई बसलीय."