सतरा नंबरच्या पिंपातला घोट

काम तसं किरकोळ होतं. सतरा नंबरच्या पिंपातून थोडी व्हिस्की काढायची, टॉर्किलना चाखायला द्यायची आणि चहाच्या वेळेला त्यांना घरी पोचतं करायचं. दिवा जरा इकडे सरकवा... हं, असा. आता सांगते.

मी एफी. आमच्या बेटावरच्या भट्टीचं कोठार सांभाळते. भट्टी जुनी, पण मधे तेहेतीस वर्षं बंद होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा जव वाळवायच्या चुलीत पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा, जाळ कसा लावायचा हे जाणणारे बेटावर एकटे टॉर्किल उरले होते. त्यांनीच आम्हाला शिकवलं. सबंध दिवस पीट जाळू द्यायचे नाहीत. चार तास झाले की फावडं हातातून काढून घ्यायचे. म्हणायचे, "धूर पाहुण्यासारखा असावा. यावा, बसावा, जावा. मुक्काम ठोकला की संपलं."

त्या पहिल्या जवाची व्हिस्की सतरा नंबरमध्ये भरली होती. तिला पाच वर्षं झाली होती आणि टॉर्किलना चौऱ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने ते कायमचे ग्लासगोला, लेकीकडे निघाले होते. "जायच्या आधी तिची चव बघू दे, पोरी," एवढंच त्यांनी मागितलं होतं.

डिसेंबरची दुपार. तेव्हा आमच्याकडे तीनलाच अंधारून येतं. त्यात धुकं. कोठार समुद्राला अगदी लागून आहे. भरती असली की लाटा मागच्या भिंतीवर थापा मारत राहतात. खाली मातीची जमीन, तीन-तीन थरांत रचलेली पिंपं आणि छताला एकच पिवळा बल्ब. ओलं लाकूड, बुरशी आणि त्यावर तरंगणारा गोडसर वास. मला तो वास माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जवळचा.

मी बूच काढलं, तांब्याची नळी आत सोडली आणि दोन ग्लास भरले. रंग फिका, वाळलेल्या गवतासारखा. टॉर्किलनी खिशातून फडक्यात बांधलेली ओटची भाकरी काढून पिंपावर ठेवली. मी ग्लास तोंडाला लावणार तोच ते ओरडले, "अगं, औषध आहे का ते? आधी वास घे."

वास घेतला. पिकायला आलेलं नासपती, मळलेली कणीक, लिंबाची साल. धूर कुठेच नाही. मग एक घोट. जिभेवर आधी जवाचा गोडवा, पाठोपाठ तरुण व्हिस्कीचा तो चावरा तिखटपणा, आणि सगळं घशाखाली उतरल्यावर, अगदी शेवटी, हलकेच धूर. सकाळी विझल्या चुलीपाशी उभं राहिल्यासारखा. ओठांवर जरा मीठ.

टॉर्किलनी डोळे मिटले होते. "पोर आहे अजून," ते म्हणाले. "पण चांगल्या घरची आहे." आणि इतके प्रसन्न हसले की मलाही हसू आलं.

तेव्हाच तो आवाज झाला.

ठक्... ठक्... ठक्. कोठाराच्या पार मागच्या टोकाला. पिंप भरलंय की रिकामं हे बघायला लाकडी मोगरीने ठोकतात, तसा. दार मी आतून लावलं होतं. आत आम्ही दोघंच होतो.

"लाट असेल," मी म्हणाले.

टॉर्किल हसायचे थांबले होते. "लाट तीनदा ठोकून कान देत नाही, एफी."

पुन्हा ठक्, ठक्, ठक्. या खेपेला अलीकडच्या रांगेत. मधे जरा शांतता, कुणीतरी लाकडाला कान लावल्यासारखी. मग त्याच्याही अलीकडे. आणि आता वास बदलला होता. गोडसरपणा जाऊन थंड, खारट... ओहोटीच्या खडकांचा वास.

"रुअरी आहे," टॉर्किल हळूच म्हणाले.

रुअरीचं नाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत. जुन्या भट्टीत पिंपं बांधायचा. टॉर्किलचा जिवलग. भट्टी बंद झाली त्या दिवशी तो ग्लास घेऊन टॉर्किलकडे आला होता. पण त्याने गुपचूप दुसरीकडे काम धरल्याचं टॉर्किलना तासाभरापूर्वीच कळलं होतं. त्यांनी तो ग्लास घेतला आणि त्याच्यासमोर मातीत ओतला. रुअरी धुक्यातच होडी काढून गेला. तीन दिवसांनी होडी सापडली. नुसती होडी.

"टॉर्किल, आपण जाऊ या..." मी आवाजाच्या दिशेने वळायला लागले.

"तू इकडे तोंड कर. माझ्याकडे बघ. कुणी बघत असलं की त्याच्या घशाखाली उतरत नाही."

ठोकणं थांबलं. माझ्या पाठीमागच्याच पिंपावर शेवटचं. मानेवर गारवा आला. टॉर्किलनी आपला जवळजवळ भरलेला ग्लास उचलला आणि माझ्या खांद्यावरून मागे धरला. हात लटपटत होता. मग एकाएकी तो स्थिर झाला, दुसऱ्या बाजूने कुणी आधार दिल्यासारखा.

"घे रे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी चुकलो... सगळंच चुकलो. जाळ मीच लावलाय हिचा. कमी वाटतोय का धूर? तुला नेहमीच कमी वाटायचा."

माझ्या कानामागे कुणीतरी घोट घेतला. सावकाश. मग लांब सुस्कारा, जसा कामावरून घरी आलेला माणूस खुर्चीत बसताना सोडतो.

टॉर्किलनी हात मागे घेतला. ग्लास बर्फात ठेवल्यासारखा धुरकटला होता. "बघ," ते म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसत होते, "अर्धा ठेवलाय. नेहमी अर्धा ठेवायचा माझ्यासाठी, लेकाचा."

तो अर्धा ते उभ्या उभ्या प्यायले. भाकरी मोडून मला अर्धी दिली. खारट वास केव्हा गेला कळलंच नाही.

सकाळी बोटीच्या कठड्याशी उभे राहून ते हात हलवत होते, सुट्टीला निघालेल्या माणसासारखे. आता एक्क्याण्णवचे आहेत. दर रविवारी मला फोन करतात, ग्लासगोच्या पाण्याला नावं ठेवतात, झोप छान लागते म्हणतात. मीही त्या कोठारात अजून एकटीच काम करते. भीती अशी वाटत नाही.

फक्त एकच. पिंपातली व्हिस्की दर वर्षी थोडी थोडी उडून जाते, कुठल्याही भट्टीत विचारा. त्या हिवाळ्यानंतर मी पट्टी टाकून सगळी पिंपं मोजली. बाकीची उतरली होती. सतरा नंबर काठोकाठ भरलेलं होतं. पट्टी चाटून पाहिली, चव तीच. तेव्हापासून आम्ही त्यातून काहीच काढलेलं नाही. बूच मी स्वतः हातोडीने ठोकून बसवते, लाकडात पार सपाट.

दुसऱ्या दिवशी बूच बोटभर वर आलेलं असतं.