डावीकडची चटणी

डॉ. प्रद्योत आगाशे यांना काळजी करणाऱ्या माणसांची किळस होती. स्वभावशास्त्र संस्थेच्या संचालकाने असं उघड बोलू नये. पण ते बोलत आणि मंजुरी समिती मान डोलवी. मान डोलवायलाच तर ती नेमली होती.

"चिंताविकार आणि उदासविकार या दोन फांद्या," आपल्याच रांगेत बसलेल्या समितीला ते सांगत होते. "मूळ एकच, अशुभग्राहिता. काय वाईट घडेल ते आधी टिपणारा स्वभाव! आपल्या निश्चिंतक औषधाचा एक फवारा नाकात, की मूळच उखडलं. चारशे जणांना दिला, आपण पाचही जणांनी घेतला. तक्रार एकही नाही. सही झाली, की उद्यापासून सगळ्या शहराला. आणि आमच्या लोटलीकरबाईंना आजच."

सगळे खो खो हसले. समोर उभ्या असलेल्या नोंदणी विभागाच्या हेमांगी लोटलीकर हसल्या नाहीत. गॅस बंद केला का ते पाहायला त्या अर्ध्या वाटेतून परत जात, म्हणून संस्थेत त्यांची रोज टिंगल चाले.

"सर, तक्रार करायला आधी काळजी वाटावी लागते," त्या म्हणाल्या. "मी साठ घरी जाऊन आले. एकालाही डावीकडचं दिसत नाही. पानातली चटणी, कोशिंबीर तशीच टाकून उठतात. तुम्हीही उठता, सर."

"दिसत नाहीच. दोन महिने झाले."

"मग फॉर्मवर का नाही लिहिलंत?"

"फॉर्मवर विचारलंय, काळजी वाटण्यासारखं काही? मला कुठे वाटतेय काळजी?"

"मलाही दिसत नाही. त्यात काय एवढं?" अध्यक्ष तुळपुळे जांभई देत म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. पहिलं अक्षर कागदावर पडलं, उरलेले तुळपुळे टेबलावर उमटले. मग त्यांनी कागद डावीकडे सरकवला, म्हणजे त्यांच्यापुरता तो संपलाच.

असल्या माणसांच्या हाती शहर! बाईंना भीती वाटत होतीच, आता संतापही आला. त्यांनी चपला हातात घेतल्या, समितीच्या डाव्या हाताला, टेबलाच्या टोकाशी जाऊन कागद उचलला आणि त्याच बाजूच्या दाराने त्या बाहेर पडल्या. पाचांपैकी कोणीही मान वळवली नाही.

आत आगाशे फवारा पुढे धरून रिकाम्या जागेला समजावत होते, "घाबरू नका, बाई. काहीच कळत नाही."