शिवणबाईंची बॅट

टप्! डब्याचं झाकण उघडलं, आणि खोलीतली अवघडलेली शांतता एकदाची मोडली.

"चिमे! पाहुण्यांनी अजून तोंड उघडलं नाही, आणि तू डबा उघडलास?" भिंगबाई म्हणाली.

तिचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होतं. खाजगी तपासाचं काम घरूनच चाले, त्यामुळे पाच वर्षांची चिमी प्रत्येक प्रकरणात हजर. चिमीचे बाबा दिवसभर कामावर, पण तिचा काका, म्हणजे भिंगबाईचा दीर, तोही हजर.

चिमी बिस्किट उलटं करून न्याहाळत होती. "आई, याच्याखाली चौकटी आहेत. फुली-गोळा खेळता येईल!"

"आमच्या भट्टीतली आहेत, जाळीवर भाजलेली. खा गं, बाळा," पाहुणा म्हणाला. तो बेकरीत भट्टीवर कामाला होता. त्याची बायको मात्र मांडीवर हात घट्ट गुंफून बसली होती. कपडे शिवून घर चालवायला हातभार लावणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. सगळे तिला शिवणबाई म्हणत.

"ताई, आता बोला," भिंगबाई म्हणाली.

"मी टेबल टेनिस खेळते. साध्या बॅटचं रबर गुळगुळीत असतं. माझ्या बॅटच्या एका बाजूला उंच दाण्यांचं रबर आहे. समोरच्याने चेंडूला दिलेली फिरकी त्यावरून उलटी होऊन त्याच्याकडे परत जाते. भले भले गोंधळतात. पण दाणे पाकिटातून निघतात तसेच वापरायचे, असा नियम आहे. तापवले की ते निसरडे होतात, मग चेंडू कसा जाईल सांगता येत नाही. काल मी उपांत्य सामना जिंकले. लगेच तक्रार झाली, बॅट तपासली, आणि दाणे तापवलेले निघाले."

"तुम्ही तापवलेत?"

"नाही." तिने नजर वर केली. "आज पाचला सुनावणी आहे. दोषी ठरले तर क्लबचं दार कायमचं बंद. तिथे मी सोळा मुलींना शिकवते. बाई चोर निघाली, हे त्यांनी ऐकायचं? तो वर्ग मी सोडणार नाही."

"रबर कधी घेतलं?"

"सोमवारी. मोहोरबंद पाकीट होतं, फोडलंसुद्धा नाही. रात्री पिशवीतच राहिलं. मंगळवारी पिशवी तशीच दुकानदाराच्या हाती दिली आणि समोर उभी राहून रबर चिकटवून घेतलं. तेव्हापासून बॅट क्लबच्या कपाटात."

"तिचंच चुकलं," नवरा पुटपुटला. "कपाटाला साधं कुलूपही नाही."

*

क्लबच्या सचिवांनी रबर आधीच सोलून काढलं होतं. भिंगबाईने ते पुन्हा लाकडावर ठेवून पाहिलं. कडेला कड अगदी बरोबर जुळत होती. मग ते उलटलं. मागच्या फिकट स्पंजावर आडव्या-उभ्या पुसट रेघा होत्या.

"गणिताच्या वहीसारखं दिसतंय," दीर म्हणाला. "कारखान्यात असंच करत असतील."

"असतील, भावजी. दुकानात विचारू."

वाटेत क्लबचे कोच भेटले. सोबत काल हरलेली तरुण खेळाडू होती. ती त्यांचीच शिष्या, तक्रारही त्यांचीच.

"तक्रार केली, त्यात लपवायचं काय?" ते गुरगुरले. "भाजलेल्या दाण्यांपुढे कुणाचा टिकाव लागत नाही, हे मी जाहीर सांगतो. मैदानावर सांगतो, पावाच्या रांगेत सांगतो."

"तुम्हाला काल खेळताना काय जाणवलं?" भिंगबाईने त्या मुलीला विचारलं.

"गंमतच झाली. मी गोंधळले, पण त्या माझ्याहून जास्त गोंधळल्या होत्या. त्यांचेच किती चेंडू जाळीत गेले! शेवटी तर दाण्यांची बाजू सोडून गुळगुळीत बाजूनेच खेळल्या, म्हणून जिंकल्या."

दुकानदाराने तसंच नवं पाकीट फोडून दाखवलं. दाण्यांवर बोट अडखळत होतं. मागचा स्पंज कोरा.

"बाईंचं पाकीट उघडंच आलं होतं," तो म्हणाला. "बघायला फोडलं असेल, गिऱ्हाइकं फोडतातच. त्यांच्यासमोर कापलं, चिकटवलं. बुधवारी तक्रार घेऊन आल्या, रबर विचित्र वागतंय म्हणून. मी म्हटलं, नवं आहे, रुळेल."

बाहेर येताच दीर कुजबुजला, "वहिनी, कोचच! तो कसा बघत होता, पाहिलंत?"

"भावजी, तसे तर तुम्हीही बघता, जेवण वाढायला उशीर झाला की."

*

पाच वाजता सचिवांच्या खोलीत सगळे जमले. चिमी डबा कवटाळून बसली होती.

"तापवलेलं रबर आकसतं," भिंगबाईने सुरुवात केली. "बॅटवर चिकटवल्यावर तापवलं असतं, तर कडेचं लाकूड उघडं पडलं असतं. इथे कड बरोबर जुळते. म्हणजे आधी तापवलं, मग कापलं. कपाटाचा आणि क्लबमधल्या कुणाचाही संबंध संपला."

कोचने श्वास सोडला.

"दुकानात पाकीट उघडंच पोचलं, आणि पुढचं सगळं ताईंच्या डोळ्यांसमोर झालं. म्हणजे दुकानदारही सुटला. उरतं सोमवारचं घर."

"म्हणजे बाईच!" सचिव म्हणाले.

"स्वतः तापवणारी बाई आधी त्यावर सराव करेल. दुसऱ्याच दिवशी दुकानात तक्रार करणार नाही, आणि सामन्यात स्वतःच फसणार नाही. ताईंना ठाऊकच नव्हतं." तिने रबर पालथं घातलं. "कोऱ्या स्पंजावर चौकटी कुठून आल्या? चिमे, एक बिस्किट दे."

बिस्किट रबराशेजारी उलटं ठेवलं गेलं. तीच चौकट, तेवढीच.

मग भट्टीवाला उभा राहिला.

"पावाच्या रांगेत ऐकलं, भाजलेल्या दाण्यांपुढे कुणी टिकत नाही. वाटलं, एकदा तरी तिने चषक घरी आणावा. सोमवारी रात्रपाळी होती. पिशवीतून पाकीट नेलं, रबर उतरत्या आचेवर जाळीवर ठेवलं, आणि सकाळी परत पिशवीत टाकलं. नियमाचं माहीत नव्हतं. काल कळलं, आणि मग... तोंड उघडलं नाही."

शिवणबाई त्याच्याकडे वळली. "अहो, मी तुम्हाला हरणारी वाटले?"

तो पुन्हा खाली बसला.

सचिवांनी निकाल दिला. नियमबाह्य बॅटने खेळलेला सामना गेला. बाईंवर ठपका नाही. वर्ग चालू राहील.

"सामना गेला तर गेला," शिवणबाई म्हणाली. "पुढच्या वर्षी जिंकेन. न भाजता." दारापर्यंत जाऊन ती वळली. "चला आता. दुकान बंद व्हायच्या आत नवं पाकीट घ्यायचंय. पिशवी तुम्ही धरा. पण पाकीट माझ्या हातात राहील."

नवरा पिशवी उचलून मागोमाग गेला.

घरी परतताना दीर पुढे चालला होता. चिमी आईचं बोट धरून, काहीतरी मनात घोळवत. कोपऱ्यावर ती थांबली.

"आई, आपल्या बाबांनी तुझ्यासाठी असं केलं असतं, तर तू सगळ्यांसमोर सांगितलं असतंस?"