तहाची बोलणी

वकिलाच्या ऑफिसात, बाहेर वाट बघायच्या खोलीत ते चित्र होतं. काळ्या शाईचं, जुन्या युरोपीय वळणाचं. रेघा स्वच्छ, सावली कुठेच नाही. तंबूत दोन प्राचीन राज्यांचे दूत तहाची बोलणी करत होते. डावीकडचा दूत तरुण. मागे उभ्या म्हाताऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर.

"घाबरू नकोस गौतमी," प्रकाशसर म्हणाले. "मी आहे ना."

आठ वर्षांपूर्वी मी पुण्याहून ख्राइस्टचर्चला आले, तेव्हा एअरपोर्टवर माझ्यासाठी गरम जॅकेट घेऊन उभे होते ते हेच सर, माझे बॉस. आता आम्ही डिझाइन केलेल्या एका इमारतीच्या जिन्याला तडे गेले होते. तिथला जोड कमकुवत वाटतोय, हे मी सरांना वेळेवर सांगितलं होतं. तोंडीच, समोरच तर बसायचे, मेल कशाला? "राहू दे तसाच," ते म्हणाले होते. डिझाइनवर सही माझी. इमारतीच्या मालकांशी इथे तीन बैठका ठरल्या होत्या. शेवटच्या बैठकीत सर खरं ते सांगणार होते, नाहीतर माझं इंजिनिअरचं रजिस्ट्रेशन जाणार होतं.

दुसऱ्या बैठकीच्या दिवशी चित्रातल्या म्हाताऱ्याचा हात दूताच्या खांद्यावर नव्हता. आपलंच बघण्यात चुकलं असेल, असं वाटलं. तरी पर्समधली पट्टी काचेला लावली. हात आणि खांद्याच्या मध्ये बारा मिलिमीटर कोरा कागद.

"काय मोजतेयस?"

"काही नाही, सर."

तिसऱ्या बैठकीच्या दिवशी नॉर्वेस्टर सुटला होता. त्या गरम, कोरड्या वाऱ्यानं खिडक्या थरथरत होत्या. रिसेप्शनवरच्या मुलीनं 'कीआ ओरा' असा माओरी नमस्कार केला, पाणी दिलं. मी चित्राकडे पाहिलं.

म्हातारा टेबलाच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूच्या लोकांत उभा होता. त्याच्या आधीच्या जागी खोडल्याची खूणही नव्हती.

"सर, ते चित्र..."

"चल, बोलावतायत."

आत मालकांच्या वकिलानं विचारलं, या जोडाबद्दल आधी कुणी शंका काढली होती का?

"नाही," सर म्हणाले. "गौतमी माझ्याकडे कधीच आली नाही."

मी सरांकडे वळले.

"तिच्यावर फार विश्वास होता माझा," ते म्हणाले. आवाज खरोखर दुखावलेला होता.

बाहेर आल्यावर मी चित्रासमोर थांबले.

"हा तिकडे कधी गेला, सर?"

"कोण?" त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "हा म्हातारा? तो पहिल्या दिवसापासून तिकडेच आहे की."

आणि नेहमीसारखं त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.